पांढरीवरची काळी माती

"बाई, इथं जोडवं निघालं."

सगुणाने खड्ड्यातून हाक मारली आणि उषाबाई सेलूकरांनी कपातला चहा तसाच ओतून दिला. पुरातत्त्व खात्यातून निवृत्तीला एकच हंगाम उरला होता, गुडघे कुरकुरत होते. पण जमिनीतून काही निघालं की उषाबाई गुडघ्यांना विचारत नसत. त्या शिडीवरून भराभर खाली उतरल्या.

चांदीचं जोडवं होतं. जोडव्यात पायाच्या बोटाचं हाड होतं.

उषाबाई हरखल्या. आतापर्यंत या टेकाडाने दिलं ते काय, तर चुली, राख आणि फुटकी गाडगी. आता त्या चुलीपुढे बसणारी बाईच निघत होती. त्यांनी सगुणाच्या हातातला ब्रश घेतला आणि फुंकर घालत माती झाडली.

जोडवं एका ठिकाणी तुटलेलं होतं. तिथे तांब्याची बारीक तार गुंडाळली होती. विजेच्या वायरमधली असते तशी तार.

मग हाडाच्या बाजूने रंग दिसला. जांभळा. दोन हजार वर्षांत जांभळा रंग टिकत नाही. नायलॉनचं पातळ मात्र मातीत वर्षानुवर्षं टिकतं.

"सगुणा," उषाबाई म्हणाल्या, "वर जा. सगळ्यांना टेकाडाखाली ने. इथे कुणी यायचं नाही."

"काय झालं, बाई?"

"वर जा म्हटलं ना."

बाईंचा असा आवाज सगुणाने कधी ऐकला नव्हता. ती निमूट वर गेली.

*

टेकाड केदारखेड्यापासून कोसभरावर होतं. इथे खणायला मनाई, अशी जुनी सरकारी पाटी तिथे होती. सातवाहनांच्या काळात इथे गाव होतं. त्या गावावर राज्य कुणाचं होतं, याच्याशी उषाबाईंना फारसं देणंघेणं नव्हतं. चहाच्या सुट्टीत त्या मजुरांना म्हणत, "राजांचं काय, ते आपली कीर्ती दगडावर कोरून ठेवतात. मला सांगा, या चुलीवर कुणाची भाकरी करपली? हे गाडगं कुणाच्या हातून फुटलं आणि सासूने तिला काय ऐकवलं?"

बाया पदर तोंडाला लावून हसत. सगुणा हसत नसे.

एकदा उषाबाईंनी तिला खापराच्या काठावर उमटलेला अंगठा दाखवला होता. कुणा बाईने ओलं मडकं उचललं होतं, त्याची खूण. "बघ, हिची पण लेकरं असतील. तुझ्या-माझ्या आईसारखीच ही."

"आया समद्या सारख्या नसत्यात, बाई," सगुणा म्हणाली होती. "माझी मला चार वर्साची सोडून गेली. रडू नको म्हणली, तुला खेळणं आणते. कंच्या बाजारातून आणून राह्यली, देवाला ठाऊक."

गावात सगळ्यांना ते माहीत होतं. कचरूची बायको द्वारका बारा वर्षांमागे बदनापूरच्या स्टेशनावरून गाडीत बसून निघून गेली. कुणाबरोबर गेली याबद्दल दहा तोंडं दहा नावं घेत; गेली याबद्दल मात्र एकमत होतं. सगुणा आता सोळाची झाली होती. दोन ठिकाणांहून सोयरीक आली आणि परत गेली. पाहुण्यांनी फार शब्द खर्च केले नाहीत. खाण तशी माती, एवढंच म्हणाले.

कचरूने दुसरं लग्न केलं नाही. तो पूर्वी भुजंग पाटलाचा सालगडी होता, आता खोदकामावर रात्रीची राखण करी. काम त्याने मागून घेतलं होतं. "मला झोप येत न्हाई, बाई. जागायचंच हाय, तर तुमचं टेकाड राखतो." टेकाडावर घोंगडी पांघरून तो रात्रभर बसे.

भुजंग पाटील म्हणजे गावचा पोलीस पाटील. त्याचं शेत टेकाडाला लागून. मोठा मायाळू माणूस. खोदकामावर रोज ताकाची कळशी त्याच्या घरून येई. सगुणाचं लग्न मी करून देणार, असं तो चारचौघांत म्हणे. खोदकाम सुरू झालं तेव्हा उषाबाईंना त्याने सल्लाही दिला होता, "बाई, या अंगाला नका खणू. खाली नुसता दगड हाय. तिकडं निंबाखाली खणा, सावली बी मिळंल."

उषाबाईंनी सल्ला ऐकून घेतला आणि उतार सोयीचा म्हणून याच अंगाला खणलं. खरोखरच आधी फोडलेले दगड लागले. त्याखाली पिवळा मुरूम. त्याखाली काळीभोर माती. आणि तिच्याखाली टेकाडाची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची पांढुरकी माती. जुन्या काळी कुणी तरी खड्डा बुजवला असावा, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

*

भोकरदनचे फौजदार मच्छिंद्र गाडेकर जीपमधून उतरले. खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्यांनी खाली पाहिलं.

"बोला बाई. तुमचं जुनं का आमचं नवं?"

"तुमचं," उषाबाई म्हणाल्या.

त्यांनी एकटीने माती झाडून सांगाडा मोकळा केला होता. एका कुशीवर कललेली बाई. शेजारी गंजलेलं घमेलं. उजवा हात डोक्याच्या वर ताणलेला, आणि त्या हाताच्या हाडांत खुरप्याचं पातं. फौजदारांनी तो हात पाहिला आणि टोपी काढली.

"अंगावर माती ढासळली," उषाबाई म्हणाल्या. "हे पाहा, खापरं उलटीपालटी झालीत. खालच्या थरातली वर, वरची खाली. टेकाडाची भिंतच्या भिंत कोसळली."

"आणि ही गाठ?"

जांभळ्या पदराच्या टोकाला घट्ट गाठ होती. आत बोरापेक्षा मोठं, टणक काही तरी होतं.

"पंचांसमोर सोडू," उषाबाई म्हणाल्या. "आत्ता हात लावू नका."

"सोन्याचा डाग असंल," फौजदार म्हणाले. "घर सोडून जाणारी बाई डाग पदराला बांधून घेती."

हे त्यांनी जरा मोठ्यानेच म्हटलं. टेकाडाखाली बाया जमल्या होत्या, त्यांत सगुणा होती. तिने मान खाली घातली. ती बाई कोण हे अजून कुणी बोललं नव्हतं. पण गावातून एकच बाई नाहीशी झाली होती.

कचरूला बोलावणं गेलं. तो आला. उषाबाईंनी तळहातावर जोडवं पुढे केलं. त्याने ते हातात घेतलं नाही. नुसतं एका बोटाने तारेला शिवला.

"ही तार म्या गुंडाळली व्हती," तो म्हणाला. "मोटारीच्या वायरची."

मग तो तिथेच मातीत बसला. रात्रीमागून रात्री तो ज्या जागेवर बसून राखण करत होता, ती त्या खड्ड्याच्या अगदी लगत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं आपण हसून म्हणतो. त्या दिवशी त्या टेकाडावर कुणाला हसू आलं नसतं.

भुजंग पाटील धावत आला होता. त्याने कचरूच्या पाठीवर हात ठेवला. "देवाची मर्जी, कचरू. घरातून निघाली आसंल, गाडीची येळ व्हईस्तोवर इथं लपली आसंल. टेकाड आलं अंगावर. आता जाऊ दे. मेल्या माणसाचं वाईट बोलू न्हाई."

"म्हंजे ती जातच व्हती?" मागून सगुणाने विचारलं.

तिच्यासाठी सगळा प्रश्न एवढाच होता. आई मेली याचं रडू तिला नंतर येणार होतं. आई सोडून जात होती की नव्हती, हे तिला आधी हवं होतं. आणि सगळे त्या गाठीकडे पाहत होते.

*

"अपघात," फौजदार म्हणाले. "बरोबर ना? लिहून टाकू."

"अपघात खराच आहे," उषाबाई म्हणाल्या. "पांढरी कोसळली ते कळलं. पण तिच्यावरची काळी माती कुणी आणली?"

"शेतातली आसंल. पावसानं वाहून आली."

"तुम्ही शेतकऱ्याचे ना? काळी माती टेकाडावर चढताना कधी पाहिलीत?"

माती खोटं बोलत नाही, असं पुस्तकात लिहितात. उषाबाईंना ते कधीच पटलं नव्हतं. माती पुष्कळ खोटं बोलते. उंदीर, मुळं, मुंग्या तिची सगळी उलथापालथ करतात. पण माती आपल्या पायांनी चढण चढत नाही. तिला कुणाला तरी उचलून आणावं लागतं.

"पांढरी इथून खाली जाते," त्या म्हणाल्या. "बाया घमेल्याने नेतात, धाब्यावर, घराच्या मातीच्या छतावर टाकतात, म्हणजे घर गळत नाही. शेतकरी गाड्या भरून नेतात, खत म्हणून. काळी मात्र कुणी हलवत नाही. बांधाच्या हातभर काळीसाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात. ती इतकी सगळी काळी या खड्ड्यात ओतली कुणी, आणि कशाला?"

फौजदारांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "विचारा कुणाला विचारायचं ते," ते म्हणाले. "मी बसतो."

पहिला कचरू.

"द्वारकाबाई गेल्या तो दिवस आठवतो, कचरूभाऊ?"

"वैशाखातली अवस व्हती. अवसंला औत न्हाई धरत, म्हून मालकानं मला बदनापूरला धाडलं. तिथल्या शेतकी केंद्रावर तुरीचं बी मिळतं, ते आणाया."

"अमावस्येला गेलात, परत कधी आलात?"

"दुसऱ्या रोजी. बी घेऊस्तोवर शेवटची एस्टी गेल्ती."

"रात्री कुठे राहिलात?"

कचरू मातीत बोटाने रेघा ओढू लागला. मान खाली. उषाबाईंनी घाई केली नाही.

"टेसनात," तो शेवटी म्हणाला. "बियाची थैली उशाला घेऊन फलाटावर निजलो."

"बदनापूरच्याच स्टेशनात?"

"हां."

"आणि द्वारकाबाई त्याच रात्री, त्याच स्टेशनातून गाडीत बसल्या म्हणतात?"

"मालकाच्या मेव्हण्यानं बघितली. रातच्या मनमाडच्या गाडीत बसताना." त्याचा आवाज फाटला. "बाई, म्या हे कुणालाच न्हाई सांगितलं. काय सांगू? बायको माझ्या अंगावरून गेली आन मी घोरून राह्यलो व्हतो? लोक तर हसलेच असते. तवापासून डोळा मिटला की गाडीची शिट्टी ऐकू येती. जागा असतो तर धरली असती हाताला."

बारा वर्षं हा माणूस एका झोपेची शिक्षा भोगत होता.

"तुम्ही निजलात तेव्हा फलाटावर किती माणसं होती?"

"मानसं कुठली? वैशाखात कोण जातं? मी आन एक कुत्रं."

"मालकांना ठाऊक होतं तुम्ही स्टेशनात झोपलात ते?"

"न्हाई. त्यानला वाटलं केंद्रावरच्या वसरीत निजलो."

*

पाचामुखी परमेश्वर म्हणतात. फौजदारांनी संध्याकाळपर्यंत गावातली पाच सोडून पंधरा मुखं विचारली. द्वारकाला गाडीत बसताना कुणी पाहिलं? ह्याने त्याच्याकडून ऐकलेलं, त्याने तिच्याकडून. सगळ्या वाटा फिरून भुजंग पाटलाच्या ओट्यावर येत होत्या. आणि पाटलाचा मेहुणा मरून बरीच वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उषाबाई टेकाडाच्या पायथ्याशी विहिरीच्या काठावर जाऊन बसल्या. रोजचा चहा त्या इथेच घेत. ही भुजंगची कोरडी विहीर. गावाच्या चेष्टेचा विषय. साऱ्या शिवारात पाणी खालच्या अंगाला, ओढ्याकडे; याने विहीर काढली ती उंचावर, टेकाडाला खेटून. खोल नव्हती. वरचा काळा थर, मग पिवळा मुरूम, मग काळा कातळ. कातळ थोडासा फोडून काम सोडलेलं. आत बाभळीचं एक झुडूप उगवलं होतं.

उषाबाईंनी चहाचा घोट घेतला. विहिरीकडे पाहिलं. मग मान वळवून वर आपल्या खड्ड्याकडे पाहिलं.

काळी, मुरूम, दगड.

दगड, मुरूम, काळी.

त्यांनी कप काठावर ठेवला. "फौजदारसाहेब," त्यांनी हाक मारली, "ही विहीर कुणी खणली, त्याला शोधा."

विहीर खणणारा केदारखेड्यातच होता. चांदपाशा. आता म्हातारा, दाढी पांढरी, दमा लागलेला. फौजदारांनी त्याला जीपमधून आणलं आणि विहिरीच्या काठावर बसवलं.

"चाचा, ही विहीर तुम्ही काढली?"

"हां. म्या आन माझ्या मानसांनी. बारा वर्सं झाली."

"पाणाड्याने जागा दाखवली होती?"

"कशाचा पाणाड्या? म्या बोललो मालकाला, हितं पाणी लागायचं न्हाई. बोलले, तू खण."

"नारळ फोडला?"

चांदपाशा हसला, मग खोकला. "वैशाखातल्या अवसंला कोण नारळ फोडतो, बाई? त्या रोजी आम्हाला बी सुट्टी व्हती. दोपारच्याला मालक घाबरे-घाबरे आले. म्या बोललो, तुमच्यात अवसंला सुरू न्हाई करत, उद्या धरतो. न्हाई म्हणले, आजच्या आज, बिलकुल अबी."

"निघालेला माल कुठे टाकलात?"

"त्यो काय, वरच्या खड्ड्यात. टेकाड नवंच ढासळलेलं व्हतं. मालक बोलले, पोरंढोरं पडतील, बुजवून टाक. आधी काळी, मंग मुरूम, मंग दगड. खड्डा भरला तसं म्हणले, बास. काम बंद."

"पाणी लागायच्या आधीच?"

"हां. मला बी नवल वाटलं." तो थांबला. त्याने खड्ड्याकडे पाहिलं, मग टेकाडाखाली बसलेल्या कचरूकडे, मग उषाबाईंच्या चेहऱ्याकडे. म्हाताऱ्याचे ओठ हलले. "या अल्ला," तो म्हणाला. "बाई, त्या खड्ड्यात कोण व्हतं?"

*

दुपारी सगळे विहिरीपाशी जमले. फौजदार, दोन पंच, कचरू, सगुणा, चांदपाशा. भुजंग पाटील ताकाची कळशी घेऊनच आला. ती कळशी कुणी हातात घेतली नाही. त्याने ती हळूच खाली ठेवली.

"पाटील," उषाबाई म्हणाल्या, "ही विहीर का काढलीत?"

"विहीर कशापायी काढत्यात, बाई? पाण्यापायी."

"पाण्यासाठी नाही. मातीसाठी."

पाटलाने डोक्यावरचं पागोटं सारखं केलं.

"टेकाडावर सरकारी पाटी लागली होती. इथे खणायचं नाही. पोलीस पाटील म्हणून दवंडी तुम्हीच दिलीत. आणि तुम्हीच आपल्या बांधाच्या अंगाने खालून पोखरून पांढरीच्या गाड्या शेतात नेल्यात. वर टेकाडाची भिंत नुसती लोंबत राहिली. अवसेला औतं बंद. कचरूभाऊ बदनापूरला. द्वारकाबाईंना वाटलं, पावसाच्या आधी धाब्यावर चार घमेली माती टाकून घ्यावी. त्या तुमच्या पोकळीत शिरल्या आणि भिंत आली."

"तुमी बघाया व्हता का?"

"नव्हते. पण तुम्ही होता. टेकाड पडल्याचा आवाज तुमच्या शेतात आला. तुम्ही येऊन पाहिलंत. गावात सांगावा धाडला असता तर अर्धं गाव धावलं असतं. पण गाव आलं असतं तर पोकळी कुणाची, हेही दिसलं असतं. पाटीलकी गेली असती. तुम्ही गप्प बसलात."

"मंग तसंच ऱ्हाऊ दिलं असतं. विहीर कशाला खणू?" पाटलाने जोर करून विचारलं.

"कारण गावातल्या बाया," उषाबाई म्हणाल्या. "पडलेली पांढरी भुसभुशीत, आयती. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव घमेली घेऊन त्या ढिगावर आलं असतं. म्हणून तुम्हाला वर अशी माती हवी होती, जिला एकही बाई शिवणार नाही. काळी धाब्यावर चालत नाही. उन्हात फाटते, पावसात गळते. आणि गाड्या भरभरून काळी नेली तर लोक विचारणार, कुठे नेता? विहिरीच्या मातीबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून अवसेच्या दिवशी, पाणाड्या नाही, नारळ नाही, टेकाडाला खेटून विहीर. तीच विहीर त्या खड्ड्यात उलटी होऊन बसली आहे. वरची काळी तळाला, तळाचा दगड वर. म्हणून तर मला म्हणालात, इकडे नका खणू, खाली दगड आहे. पांढरीच्या टेकाडात दगड आहे हे वरून कुणाला दिसणार? ज्याने टाकला त्यालाच."

फौजदार पुढे झाले. "आन मेव्हण्यानं टेसनात बघितली म्हणून सांगितलंत. कचरू त्या राती त्याच फलाटावर निजला व्हता, पाटील."

भुजंगने झटकन कचरूकडे पाहिलं. हे त्याला ठाऊक नव्हतं. तो विहिरीच्या काठावर बसला.

"बदनापूरचं नाव तोंडाला आलं, कारण तुलाच तिकडं धाडलं व्हतं," तो कचरूला म्हणाला. "दुसरं गावच सुचलं न्हाई. म्या उकरलं रे. दोन्ही हातांनी उकरलं. पण ती जागीच गेल्ती. आईच्यान सांगतो. जागच्या जागी."

फौजदारांनी तोंड उघडलं. वर ताणलेला तो हात आणि त्यातलं खुरपं त्यांना आठवत होतं. जागीच गेलेली बाई डोक्यावर हात नेऊन माती उकरत नाही.

उषाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी हलकी मान हलवली. सगुणा समोर उभी होती. उषाबाईंना त्या वेळी भुजंगचा गळा धरावासा वाटत होता. पण तो हात पंचनाम्यात लिहिलेला होता, कोर्टात तो बोलला जाणार होता. पोरीने आजच ऐकायला हवा असं नव्हतं.

"सोळा वर्साची झाली पोर," कचरू एवढंच म्हणाला. "मालक, तुमी तिला डोळ्यादेखत वाढताना बघून राह्यले व्हते."

भुजंगने पागोटं काढून मांडीवर ठेवलं. फौजदारांनी शिपायाला खूण केली.

*

राहिली गाठ.

पंच खड्ड्याच्या काठी बसले. उषाबाईंनी चिमट्याने नायलॉनचा पीळ हळूहळू सैल केला. सगुणा लांब उभी होती, पाठ फिरवून.

गाठ सुटली. आतून मातीचा गोळा निघाला. उषाबाईंनी तो ब्रशने झाडला, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलं नाही.

भाजक्या मातीचा खुळखुळा होता. लिंबाएवढा, पक्ष्याच्या आकाराचा, एक पंख टवका उडालेला. दोन हजार वर्षांपूर्वी या गावात कुणी तरी तो आपल्या लेकरासाठी केला होता. टेकाड खणताना द्वारकाच्या खुरप्याला तो लागला. तिने तो झाडला, पाहिला आणि पदराला गाठ मारली. पळून जाणारी बाई घरातलं सोनं बांधून नेते. ही मातीतलं खेळणं बांधून घरी चालली होती.

"सगुणा," उषाबाईंनी हाक मारली. "इकडे ये. तुझ्या आईने काय सांगितलं होतं तुला, जाताना?"

सगुणा वळली. तिने तो पक्षी पाहिला. ती खड्ड्याच्या काठाशी आली.

"आणत होती गं," उषाबाई म्हणाल्या. "येतच होती ती."

हातातला कागद फौजदारांनी उगाच उलटसुलट केला. "बाई, हे काय म्हणून लिहू? तुमचं जुनं का आमचं नवं?"

तीस वर्षांत उषाबाईंनी एक खापर कधी घरी नेलं नव्हतं. निघालेल्या प्रत्येक वस्तूवर स्वतःच्या हाताने काळ्या शाईचा नंबर टाकला होता. आज दौत बाजूलाच राहिली.

"दोन्ही नाही," त्या म्हणाल्या. "हे हिचं आहे. कोर्टाचं काम झालं की हिच्या हातात पोचलं पाहिजे, असं लिहा. मी खाली सही करते."

सगुणाने खुळखुळा दोन्ही हातांत घेतला. भीत भीत हलवला. आत इतकी वर्षं अडकून पडलेला खडा वाजला. तशी ती आई म्हणून ओरडली आणि खाली बसून लहान पोरीसारखी रडू लागली. बाया तिच्याभोवती गोळा झाल्या. ज्या बायांनी पाहुण्यांसमोर तोंडं वाकडी केली होती, त्याच होत्या. आज त्यांना एकमेकींकडे पाहवत नव्हतं.

कचरू उषाबाईंजवळ आला.

"बाई, एक इचारू? म्हंजे त्या राती ती टेसनात आलीच नव्हती?"

"नाही, कचरूभाऊ."

"माझ्या अंगावरून गेली न्हाई?"

"नाही. तुम्ही जागे असता तरी ती दिसली नसती."

त्याने मान डोलावली. पुन्हा डोलावली. मग तो निंबाकडे चालत गेला, सावलीत घोंगडी पसरली आणि दंडावर डोकं ठेवून आडवा झाला.

थोड्या वेळाने जीप आली. द्वारकाची हाडं पांढऱ्या कापडात बांधून नेत होते. शिपाई कचरूला हाक मारायला निघाला. सगुणाने त्याला हाताने अडवलं. कचरू घोरत होता. कुणी त्याला उठवलं नाही.